केरॅटोकोनससाठी कॉर्निया प्रत्यारोपण: शस्त्रक्रिया, टाके आणि नजर
वारंवार विचारले जाणारे प्रश्न – नाशिक आणि परिसरातील रुग्णांसाठी

‘बुबुळ बदलावं लागेल’ असं ज्यांना सांगितलं गेलं आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. नाशिक शहरातले, तसेच दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवल्याकडून तपासणीला येणारे लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या: नवा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, स्वच्छ बसला म्हणून नजर लगेच स्पष्ट होत नाही. नजर कॉर्नियाच्या आकारावर ठरते, तो आकार टाक्यांच्या ताणावर ठरतो, आणि टाक्यांचं काम वर्षभर चालतं. ऑपरेशन दीड तासाचं असतं, उपचार मात्र वर्ष-दीड वर्षाचा.

केरॅटोकोनस आहे म्हणजे प्रत्यारोपण करावंच लागतं का?

नाही. बहुतेकांना कधीच लागत नाही. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो. केरॅटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो आणि पुढे टोकदार येतो. आजार बहुधा बारा-पंधराव्या वर्षांनंतर सुरू होतो आणि तिशीच्या पुढे त्याचा वेग मंदावतो. सुरुवातीला चष्मा पुरतो. नंतर आरजीपी म्हणजे कडक लेन्स किंवा मोठी स्क्लेरल लेन्स लागते. स्क्लेरल लेन्स कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते, म्हणून ‘आता लेन्स बसतच नाही’ असं सांगितलेल्या अनेक डोळ्यांनाही ती चालते. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी स्क्लेरल लेन्स एकदा तरी लावून पाहा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

सी-थ्री-आर (कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार) केलं तर ऑपरेशन टळेल का?

आजार वाढत असताना केलं, तर बहुतेकांचं टळतं. रायबोफ्लेविनचे थेंब टाकून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात. मूळ पद्धतीत तो ३० मिनिटं दिला जातो. त्यामुळे कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात. मूळ पद्धतीसाठी जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते, नाहीतर आतल्या पेशींना इजा होऊ शकते. सी-थ्री-आर आजार थांबवतं, गेलेली नजर परत आणत नाही, आणि मध्यभागी पडलेला डाग तर अजिबात पुसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळे चोळणं थांबलं पाहिजे. कोरड्या, धुळीच्या दिवसांत ज्या मुलांचे डोळे सतत खाजतात, त्यांच्या अ‍ॅलर्जीवर नीट औषध सुरू झालं नाही तर पुढचे सगळे उपचार कच्चे राहतात.

मग प्रत्यारोपण नेमकं कोणाला?

बाहुलीसमोर दाट डाग पडला असेल. कॉर्निया इतका टोकदार आणि पातळ झाला असेल की कोणतीच लेन्स बसत नाही. लेन्स बसते पण दोन-तीन तासांच्या वर सहन होत नाही. किंवा लेन्स लावूनही कामापुरतं दिसत नाही. नुसता चष्म्याचा नंबर जास्त आहे, हे प्रत्यारोपणाचं कारण नाही.

‘पीके’ आणि ‘डाल्क’ या प्रत्यारोपणाच्या दोन पद्धतींत फरक काय?

पीकेमध्ये कॉर्नियाची पूर्ण जाडीची गोल चकती काढून दात्याची तशीच चकती बसवतात. डाल्कमध्ये पुढचे थर बदलतात. आतला डेसिमेट पडदा आणि त्याच्याही आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर, म्हणजे एन्डोथेलियम, रुग्णाचा स्वतःचाच राहतो.

एन्डोथेलियमच्या पेशी कॉर्नियातलं पाणी बाहेर टाकून तो पारदर्शक ठेवतात, आणि एकदा गेल्या की नव्याने तयार होत नाहीत. केरॅटोकोनसमध्ये हा थर सहसा ठणठणीत असतो. बिघाड पुढच्या थरांत असतो. मग चांगला थर काढून टाकून परका का बसवायचा? म्हणून जिथे जमेल तिथे डाल्क, हेच आमचं ठाम मत. स्वतःच्या एन्डोथेलियमवर शरीर हल्ला करत नाही, स्टिरॉइडचे थेंब लवकर बंद करता येतात, पेशी कमी वेगाने घटतात आणि डोळा मार लागल्यावर तुलनेने कमी फाटतो. आतल्या पडद्यापर्यंत नीट सोलून केलेल्या डाल्कनंतर चष्म्याने किंवा लेन्सने मिळणारी नजर पीकेच्या तोडीची असते. वर जाड थर शिल्लक राहिला तर मात्र दोन थरांच्या सांध्यात धुरकटपणा राहून नजर एखाद-दुसऱ्या ओळीने कमी भरते.

डाल्क कशी करतात? टप्प्याटप्प्याने सांगाल का?

आधी स्कॅनवर जाडीचा नकाशा काढतात आणि टोकाची खालची कड कुठे संपते ते पाहतात. कापायचा गोल साधारण ७.५ ते ८ मिलिमीटरचा असतो आणि टोक त्याच्या आत आलं पाहिजे. खालचा पातळ भाग बाहेर राहिला तर तो पुढे वर्षानुवर्षं फुगत जातो. तरुण किंवा घाबरलेल्या रुग्णाला पूर्ण भूल देतात, इतरांना डोळ्याजवळ इंजेक्शन.

व्हॅक्युमच्या गोल ब्लेडने पूर्ण जाडी न कापता साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश खोलीची खाच पाडतात. त्या खाचेच्या तळातून बारीक सुई किंवा २७ गेजची बोथट कॅन्युला मध्यभागाकडे सरकवतात आणि सिरिंजने हवा भरतात. हवा बरोबर पातळीवर गेली तर कॉर्निया एकदम पांढरा होतो आणि आत गोल काठ असलेला मोठा फुगा दिसतो. हा ‘बिग बबल’. अन्वर आणि टाइकमन यांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली आणि डाल्कचे निकाल तिथून सुधारले.

पांढऱ्या झालेल्या कॉर्नियातून आत फुगा आला की नाही हे दिसत नाही, म्हणून कॉर्नियामागच्या पुढच्या कप्प्यात हवेचा एक छोटा बुडबुडा सोडतात. तो मध्ये न थांबता कडेला ढकलला गेला, तर मोठा फुगा तयार झाला आहे. फुगे दोन प्रकारचे. पहिला मध्यातून कडेकडे पसरतो, त्याच्या तळाशी थोडा जादा मजबूत थर राहतो आणि काम निश्चिंतपणे करता येतं. दुसरा कडेपासून सुरू होतो, त्याची भिंत निव्वळ डेसिमेट पडद्याची असते आणि तो जरा धक्क्याने फाटतो. कोणता फुगा आला हे ओळखूनच पुढचा हात टाकावा लागतो.

नंतर वरचा जाड थर सोलून काढतात, फुग्याला पात्याच्या टोकाने भोक पाडून हवा सोडतात, लगेच जेलीसारखं द्रव्य आत भरून पडदा खाली दाबतात आणि उरलेला थर चार भाग करून बोथट कात्रीने कापून काढतात. दात्याच्या चकतीचा आतला पडदा ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून सोलून टाकतात. तो राहिला तर चकती खाली नीट चिकटत नाही. मग १०-० या अतिबारीक नायलॉन धाग्याचे टाके. आधी चार दिशांना चार, मग मधले. बहुधा एकूण सोळा. प्रत्येक गाठ ऊतीत पुरतात, कारण वर राहिलेली गाठ पापणीला टोचते आणि तिथे जंतू घर करतात.

फुगा आलाच नाही तर? किंवा पडदा फाटला तर?

फुगा दर वेळी येत नाही. सर्जनचा हात आणि डागाची खोली यावर ते ठरतं. न आल्यास थर हाताने एकेक करून सोलतात; वेळ जास्त लागतो, पण निकाल चांगला येऊ शकतो.

पडदा बारीकसा फाटला तर आत हवा भरून तो वर दाबून ठेवता येतो. ऑपरेशननंतर पडदा आणि चकती यांच्यात पाणी साठलं तर पुन्हा हवा भरतात. मोठा फाटला तर त्याच टेबलावर पीके करावी लागते. त्यामुळे डाल्क ठरली असली तरी नेत्रपेढीकडून आलेली चकती एन्डोथेलियम चांगलं असलेली, म्हणजे पीकेलाही चालेल अशी हवी. ‘डाल्कच आहे, साधी चकती चालेल’ असं म्हणून बेत केला आणि पडदा फाटला, तर मध्येच अडकायला होतं. तारीख घेताना हा प्रश्न सर्जनना जरूर विचारा.

हवा भरलेल्या डोळ्यात आणखी एक धोका आहे. हवेने बाहुली अडली तर काही तासांत दाब चढतो, आणि बाहुली कायमची मोठी, न हलणारी राहू शकते. त्या रात्री डोकं ठणकलं, उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका.

पीके कधी अटळ असते?

डाग आतल्या पडद्यापर्यंत गेला असेल किंवा एन्डोथेलियमच खराब असेल तेव्हा. हायड्रॉप्स होऊन गेलेल्या डोळ्यातही अनेकदा तीच करावी लागते. हायड्रॉप्स म्हणजे डेसिमेट पडदा अचानक फाटून कॉर्नियात पाणी शिरणं: एका दिवसात डोळा पांढरट, दुखरा होतो. ती लगेच प्रत्यारोपण करण्याची वेळ नाही. फाट दोन-चार महिन्यांत भरते, कधी आत गॅस भरून ती लवकर मिटवतात. पण फाटलेल्या जागी व्रण राहतो आणि तिथे हवेचा फुगा फुटायची भीती असते.

पीके चालू असताना डोळा काही मिनिटं पूर्ण उघडा असतो, म्हणून आधी डोळ्याचा दाब उतरवतात आणि बाहुली आकसवून भिंगाला जपतात. केरॅटोकोनसमध्ये दात्याची चकती सहसा तेवढीच किंवा पाव मिलिमीटरने मोठी घेतात. जास्त मोठी घेतली तर मायनस नंबर वाढतो.

चकती लेझरने कापली तर जास्त चांगलं दिसतं का?

कड नेमकी कापली जाते, जखमेचा सांधा बसतो. टाके निघाल्यानंतरच्या नजरेत मोठा फरक पडेल, या आशेवर कर्ज काढून तो पर्याय घेऊ नका.

डोळा कुठून येतो? रक्तगट जुळवावा लागतो का?

मृत्यूनंतर नेत्रदान झालेल्या डोळ्यातून. रक्तगट सहसा जुळवत नाहीत. दात्याचं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासतात. साठवणीच्या द्रवानुसार कॉर्निया ४ अंश सेल्सिअसला चार दिवस ते दोन आठवडे टिकतो. म्हणून ऐनवेळी फोन येतो. सर्दी-ताप, डोळ्याला चिकटा असेल तर तेव्हाच खरं सांगा. डोळा विकत घेता येत नाही, कायद्याने गुन्हा आहे. नेत्रपेढी घेते तो प्रक्रियेचा खर्च.

घरात मृत्यू झाला तर नेत्रपेढीला लगेच कळवावं, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात; पंखा बंद करावा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. चेहरा विद्रूप होत नाही.

ऑपरेशननंतर कधी दिसायला लागतं?

पट्टी काढल्यावर धूसर दिसतं आणि ते साहजिक आहे. वरची त्वचा आठवडाभरात भरते, टोचणं कमी होतं. महिना-दीड महिन्यात ‘आधीपेक्षा बरं’ असं बहुतेक जण म्हणतात. पण इथून पुढे नजर एका सरळ रेषेत सुधारत नाही: या महिन्यात फळ्यावरचं दिसलं, पुढच्या महिन्यात कमी दिसलं, असं होतं. टाके थोडे सैलावले किंवा एखादा काढला की आकार बदलतो.

साधारण तिसऱ्या महिन्यापासून टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, पाहून टाके निवडून काढायला घेतात. नकाशावर ज्या दिशेला कॉर्निया जास्त उभा आहे, तिथला घट्ट टाका काढला की ती बाजू सपाट होते आणि सिलिंड्रिकल नंबर उतरतो. एका वेळी एक किंवा दोनच, मग काही आठवडे थांबून पुन्हा नकाशा. घाईने चार टाके काढले तर नंबर उलट्या दिशेला उडी मारतो आणि जखम सरकण्याचीही भीती. डाल्कचे सगळे टाके सहसा सहा महिने ते वर्षात, पीकेचे वर्ष ते दीड वर्षात निघतात. पीकेची जखम सावकाश भरते, म्हणून ही वाट. मधल्या काळात चष्मा दिला तरी तो तात्पुरता, महागडी फ्रेम घेऊ नका.

शेवटी किती दिसेल? चष्मा जाईल?

कॉर्निया स्वच्छ राहिला आणि डोळ्यामागचा पडदा (रेटिना) व नस चांगली असेल, तर चष्मा किंवा लेन्स लावून बहुसंख्य रुग्ण ६/१२ किंवा त्याहून वरच्या ओळीपर्यंत पोहोचतात. विनाचष्मा तेवढं दिसेल असं मात्र धरून चालू नका. तीन ते पाच डायॉप्टरचा सिलिंड्रिकल नंबर उरणं अगदी नेहमीचं आहे. तो चष्म्याने झेपला नाही तर पुन्हा आरजीपी किंवा स्क्लेरल लेन्स लागते. ‘ऑपरेशन करूनही लेन्सच?’ असं वाटून अनेक जण निराश होतात. फरक एवढा, की आधी लेन्स बसत नव्हती किंवा डागामागचं दिसतच नव्हतं. आता नितळ कॉर्नियावर लेन्स बसते आणि दिसतं. हे ऑपरेशनआधी रुग्णाला समजावलं नसेल, तर ती सांगणाऱ्यांची चूक.

नंबर फारच उरला तर सगळे टाके निघून तीन ते सहा महिने आकार स्थिर राहिल्यावर कॉर्निया सैल करणाऱ्या चिरा, डोळ्याच्या आत बसवायची टोरिक (सिलिंड्रिकल नंबर भरून काढणारी) लेन्स किंवा लेझर यांचा विचार होतो. टाके असताना यांतलं काहीही करणं म्हणजे हलत्या जमिनीवर माप घेणं.

टाका टोचल्यासारखा वाटतो. दोन दिवस थांबू का?

नको, त्याच दिवशी या. सैल किंवा तुटलेल्या टाक्याला चिकटा धरतो, त्यावर जंतू बसतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यातून रिजेक्शन, म्हणजे शरीराने परक्या कॉर्नियावर केलेला हल्ला, सुरू होऊ शकतं. स्टिरॉइड चालू असल्यामुळे डोळा फार लाल होत नाही आणि दुखणं लपून राहतं. टाका काढायला थेंबांची भूल आणि पाच मिनिटं पुरतात. काढल्यावर काही दिवस अँटिबायोटिक आणि वाढवलेलं स्टिरॉइड नीट टाका, कारण टाका काढणं हेही रिजेक्शनचं निमित्त ठरतं.

रिजेक्शन कसं ओळखायचं?

लाली, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, दुखणं. चारपैकी एकही गोष्ट काही तासांपेक्षा जास्त राहिली तर दाखवा. पीकेमध्ये सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत धोका जास्त, पण तो आयुष्यभर राहतो. लवकर आलात तर दर तासाला प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्क्याचे थेंब देऊन बहुतेक वेळा कॉर्निया वाचतो. आठवडा गेला तर एन्डोथेलियमच्या पेशी गेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. डाल्कमध्येही वरच्या थरांचं रिजेक्शन होतं, पण ते सहसा थेंबांनी आटोक्यात येतं.

थेंबांबद्दल काय सांभाळायचं?

प्रेडनिसोलोनची बाटली नीट हलवा. औषध तळाशी बसतं आणि न हलवता टाकलं तर नुसतं पाणी डोळ्यात जातं. दोन औषधांत पाच मिनिटं अंतर. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या. गावी जाताना, यात्रेला जाताना जादा बाटली बरोबर हवी. मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. स्टिरॉइडने काही जणांचा डोळ्याचा दाब चढतो, काचबिंदू होतो आणि तो दुखत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत दाब मोजून घ्या. लांब चालले तर मोतीबिंदूही लवकर येतो. डाल्कमध्ये थेंब तीन ते सहा महिन्यांत बंद होऊ शकतात, पीकेमध्ये वर्षभर किंवा जास्त.

द्राक्षबागेत, कंपनीत कामाला कधी जाता येईल?

टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांत. बागेत मात्र घाई नको. छाटणीच्या वेळी काडी किंवा तारेचं टोक डोळ्यात जाणं हे इथलं नेहमीचं कारण, आणि काडीने ओरखडलेल्या डोळ्यात बुरशी शिरते. स्टिरॉइड चालू असलेल्या डोळ्यात ती झपाट्याने पसरते. खरड छाटणी असो की गोडी, बाजूने बंद असलेला गॉगल घातल्याशिवाय मांडवाखाली जाऊ नका. गंधक धुरळणी आणि फवारणी निदान टाके निघेपर्यंत दुसऱ्याला द्या.

सातपूर-अंबडमध्ये ग्राइंडिंग, वेल्डिंगवर असाल तर पॉलीकार्बोनेटचा चष्मा कायमचा. पीकेची जखम मूळ कॉर्नियाइतकी मजबूत कधीच होत नाही. दहा वर्षांनी ठोसा, चेंडू किंवा गाडीच्या हँडलचा मार लागूनही ती उसवू शकते. कबड्डी, कुस्ती सोडावी. दुचाकीवर काच खाली ओढलेलं हेल्मेट. रात्री झोपताना पहिला महिना-दीड महिना डोळ्यावर शिल्ड.

रामकुंडावर, सिंहस्थात स्नान केलं तर चालेल का?

टाके असेपर्यंत डोळ्यात नदीचं, विहिरीचं, तलावाचं पाणी जाऊ देऊ नका. लेन्स लावून तर कधीच नाही. साचलेल्या आणि वाहत्या पाण्यातही अ‍ॅकँथमीबा नावाचा जंतू असतो, तो लेन्सखाली अडकला तर कॉर्निया पोखरतो. पाणी डोक्यावरून न घेता अंगावर घ्या.

मुंबईला ऑपरेशन झालं तर लगेच परत येता येईल का?

डोळ्यात हवा किंवा गॅस भरला असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय निघू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. कसारा घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला फुगा थोडा फुलतो. साधी हवा काही दिवसांत जिरते, गॅसला जास्त दिवस लागतात. आणि जवळ असा एक नेत्रतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा, जो सैल टाका त्याच दिवशी काढेल. रात्रीत घाट उतरणं दर वेळी जमत नाही.

बसवलेला कॉर्निया किती वर्षं टिकतो?

प्रत्यारोपणाच्या सगळ्या कारणांत केरॅटोकोनसचे निकाल सर्वांत चांगले. पीकेनंतर दहा वर्षांनी दहापैकी साधारण नऊ जणांचा कॉर्निया स्वच्छ असतो. त्यानंतर पेशी घटत जातात आणि प्रमाण उतरतं. विसाव्या वर्षी ऑपरेशन झालेल्याला आयुष्यात पुन्हा एकदा करावं लागू शकतं. तरुण रुग्णात डाल्कचा आग्रह यासाठीच. बऱ्याच वर्षांनी कडेचा स्वतःचा कॉर्निया पातळ होऊन सिलिंड्रिकल नंबर वाढू लागला, तर तो आजार कडेला परतला असं समजा.

खर्चाचा अंदाज घेताना काय विचारायचं?

चकतीची प्रक्रिया, भूल, ऑपरेशन यांबरोबरच वर्षभराचे थेंब, टोपोग्राफी आणि शेवटी लागणारी लेन्स हेही मांडून घ्या. सरकारी योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी मंजुरीसह पक्कं करा.

दुसऱ्या डोळ्याचं आणि भावंडांचं काय?

हा आजार बहुधा दोन्ही डोळ्यांना असतो, पुढे-मागे इतकंच. एका डोळ्याचं प्रत्यारोपण चालू असताना दुसरा विसरला जातो आणि तोच हातचा जातो. त्याचा स्कॅन सहा महिन्यांनी करा, वाढत असेल तर सी-थ्री-आर लगेच. सख्ख्या भावंडांची, विशेषतः दहा ते पंचवीस वयातल्यांची, टोपोग्राफी एकदा करून घ्या. नुसत्या चष्म्याच्या तपासणीत सुरुवातीचा केरॅटोकोनस निसटतो. स्कॅनआधी मऊ लेन्स आठवडाभर आणि कडक लेन्स किमान दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर लेन्सने दाबलेला आकारच नकाशात उमटतो.